जुन्या फॉण्टातली पुस्तकयादी युनिकोडमध्ये: ईमॅक्स आणि कमांड लाइनच्या नोंदी

७ जून २०२५

वाचनालयाची यादी हातात आली. पेनड्राइव्हवर विभागवार फाइली आहेत: कादंबरी, कथा, चरित्र, बालवाङ्मय, संदर्भ. पंचवीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी मोठ्या चिकाटीने दाखल रजिस्टर समोर ठेवून हे सगळं टाइप केलं आहे. टाइप केलं ते त्या काळच्या आठ-बिटी देवनागरी फॉण्टात. तो फॉण्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नुसतं इंग्रजी अक्षरांचं आणि चिन्हांचं कडबोळं दिसतं.

ग्रंथपालबाईंच्या तीन मागण्या आहेत. एक, सगळी यादी युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणारं जागतिक प्रमाण), म्हणजे पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये भरता येईल. दोन, लेखकाच्या आडनावाप्रमाणे लावलेली छापील यादी, देवघेवीच्या टेबलावर ठेवायला. तीन, वार्षिक अहवालासाठी विभागवार ग्रंथसंख्या आणि किमतीची बेरीज.

मशीन लिनक्सचं, एडिटर ईमॅक्स ३०, शेल (कमांड टाइप करून चालवायचा प्रोग्राम) बॅश. पायथन मी रोज लिहितो, तरी हे काम ईमॅक्समध्ये करायचं ठरवलं आहे. या फाइलींत काय काय दडलंय ते आज कुणालाच माहीत नाही. आधी मजकूर डोळ्यांनी बघावा लागणार, हाताने थोडा दुरुस्त करावा लागणार, आणि तीच दुरुस्ती मग हळूहळू प्रोग्राम व्हायला हवी. बघणं एकीकडे आणि प्रोग्राम दुसरीकडे असं झालं की मधल्या येरझाऱ्यांत बारकावे निसटतात.

ही नोंदवहीसुद्धा ईमॅक्सच्या ऑर्ग मोडमध्येच. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये ऑर्ग सुरू केलं ते नोंदी आणि कामांच्या याद्या ठेवायला. त्यातच शेलच्या आणि लिस्पच्या (ईमॅक्सची प्रोग्रामिंगची भाषा) कोडचे तुकडे लिहिता येतात, तिथल्या तिथे चालवता येतात, उत्तर खाली उमटतं. म्हणजे कुठल्या दिवशी कुठली कमांड दिली आणि काय आलं, दोन्ही एकाच जागी राहतं.

८ जून

पहिलं काम: मूळ फाइली गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) टाकल्या आणि फक्त वाचण्यापुरत्या ठेवल्या. पुढचं सगळं काम प्रतींवर.

फाइल उघडल्यावर तळाच्या पट्टीवर डॉस असं दिसलं, म्हणजे ओळींचे शेवट विंडोजचे. मजकुरात ठिकठिकाणी तिरकी रेघ आणि तीन आकडे. हे सुटे बाइट, ईमॅक्सला ज्यांचा अर्थ लागला नाही ते. कंट्रोल-एक्स, एंटर, आर देऊन तीच फाइल विंडोज-१२५२ (विंडोजचा जुना एक-बाइटी अक्षरसंकेत) म्हणून पुन्हा वाचायला सांगितली, तेव्हा प्रत्येक बाइटला निदान एक चिन्ह मिळालं. मराठी अजून नाहीच, पण आता प्रत्येक चिन्ह मोजता येतं, शोधता येतं. पुढच्या सगळ्या कामाला एवढा पाया पुरे.

फाइलींची नावंही त्याच फॉण्टात होती. डायर्डमध्ये, म्हणजे ईमॅक्सच्या फाइल-यादीत, फोल्डर उघडलं, कंट्रोल-एक्स कंट्रोल-क्यू दाबलं, आणि फाइलींची यादी साध्या मजकुरासारखी बदलता येऊ लागली. नावं नीट लिहिली, कंट्रोल-सी दोनदा, सगळ्या फाइलींची नावं एकदम बदलली. हेच शेलमध्ये करायला लूप लिहावा लागला असता, आणि त्या विचित्र नावांना अवतरणचिन्हं लावता लावता वेळ गेला असता.

११ जून

आज फॉण्टाची तपासणी. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं प्रमाण १९८८ पासून होतं, १९९१ मध्ये ते सुधारलं गेलं, आणि युनिकोडमधला देवनागरीचा विभाग त्याच्याच मांडणीवर उभा आहे. त्यात अक्षर साठवतात, आकार दाखवणं हे फॉण्टाचं काम. छपाईसाठीचे हे आठ-बिटी फॉण्ट मात्र आकारच साठवत. अर्धा ग वेगळा, काना वेगळा, पहिली वेलांटी वेगळी, रफार वेगळा. टाइप करणारा खिळे जुळवल्यासारखे आकार शेजारी शेजारी ठेवी.

म्हणून आधी आकारांची मोजदाद. लिस्पमध्ये छोटं फंक्शन लिहिलं: बफरच्या (ईमॅक्समध्ये उघडलेल्या मजकुराच्या) सुरवातीपासून शेवटापर्यंत एकेक चिन्ह घ्यायचं, हॅश टेबलमध्ये मोजायचं, शेवटी उतरत्या क्रमाने नव्या बफरमध्ये लिहायचं. स्क्रॅच बफरमध्ये लिहून तिथेच चालवलं. काना सगळ्यात वर येणार हा अंदाज होता, आणि तसंच झालं.

मग ऑर्गमध्ये तक्ता सुरू केला. डावीकडे चिन्हाचा क्रमांक, उजवीकडे देवनागरी तुकडा, तिसऱ्या रकान्यात ते चिन्ह जिथे आलं असा एखादा शब्द. कर्सर चिन्हावर ठेवून कंट्रोल-यू कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की त्या अक्षराची कुंडलीच समोर येते: क्रमांक, नाव, कुठल्या लिपीतलं, फाइलमध्ये कुठले बाइट. पडताळणीला ग्रंथपालबाईंनी कपाटातून त्याच यादीची जुनी छापील प्रत काढून दिली. तिच्यावरून एकेक आकार ओळखतो आहे. संथ काम आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच. तक्त्यात एक चिन्ह चुकलं तर ते शेकडो नावांत चुकणार.

हा तक्ता लिस्पचं फंक्शन थेट ऑर्ग फाइलमधून वाचतं. कोडमध्ये वेगळा उतरवायचा नाही. बाईंनी उद्या तक्त्यात दुरुस्ती सुचवली तर ती तक्त्यातच होईल.

१४ जून

तक्ता लावून पहिली फाइल बदलली. वाचता येते, पण ही अशी:

िस्थती
कायार्लय
धािमर्क

सरकारी पीडीएफमधून मजकूर कॉपी केलेल्या कुणालाही हे रूप नवं नाही. कारण एकच. पहिली वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, म्हणून जुन्या फॉण्टात ती आधी साठवलेली. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. रफाराचं उलटं: दिसतो अक्षराच्या डोक्यावर आणि टाइप होतो अक्षरानंतर, पण उच्चारात आणि युनिकोडमध्ये आधी.

'कायार्लय' हे नुसतं बघून सरळ करता येत नाही, कारण एकदा 'र' आणि पाय मोडल्याची खूण अशी जोडी झाली की मूळचा रफार कुठला आणि खराच अर्धा र कुठला हे कळत नाही. त्यामुळे तक्त्यातच बदल केला. रफाराला आणि पहिल्या वेलांटीला थेट देवनागरी रूप न देता युनिकोडच्या खाजगी वापराच्या पट्ट्यातली दोन चिन्हं दिली. त्या पट्ट्यातल्या क्रमांकांना प्रमाणात काहीही अर्थ नाही, त्यामुळे खऱ्या मजकुराशी गल्लत होत नाही. सगळी हलवाहलव झाली की ही चिन्हं संपलेली असली पाहिजेत. एक जरी उरलं तर फाइल नापास.

हलवण्याचा नियम रेगेक्सने, म्हणजे शोधायच्या मजकुराचा साचा लिहून. जोडाक्षर म्हणजे शून्य किंवा जास्त वेळा 'व्यंजन आणि पाय मोडल्याची खूण', आणि शेवटी एक पूर्ण व्यंजन. वेलांटीच्या खुणेनंतर असं जोडाक्षर आलं की खूण काढायची आणि जोडाक्षराच्या मागे खरी वेलांटी लावायची. रफाराला: जोडाक्षर, त्यावरचे काना-मात्रा-उकार असतील ते, आणि मग खूण, असं दिसलं की खूण काढून जोडाक्षराच्या आधी अर्धा र. री-बिल्डर उघडून हा रेगेक्स लिहिला. एका खिडकीत रेगेक्स टाइप करत जावं, दुसऱ्या खिडकीत जुळणारे तुकडे रंगत जातात. 'स्थिती', 'कार्यालय', 'धार्मिक' हे तिन्ही एका दमात रंगले. पाय मोडून सुटा लिहिलेला 'उद्दिष्ट'सुद्धा आपोआप नीट बसला, कारण तिथे वेलांटीच्या पुढे एकटाच द उरतो. कुणी रफार वेलांटीच्या आधी मारला, कुणी नंतर, तेही या नियमात चालून जातं.

१५ जून

काना आज लावला. जुन्या फॉण्टात पूर्ण ग म्हणजे अर्धा ग आणि त्याला काना. म्हणजे तक्त्यातून आलेला मजकूर 'ग्' आणि 'ा'. नियम असा: पाय मोडल्याची खूण आणि लगेच काना आला की दोन्ही काढून टाकायचे, उरतो ग. 'गा'ला दोन काने टाइप झालेले असतात, त्यातला एक जातो, एक राहतो.

दुसरा नियम: काना आणि मात्रा शेजारी आले की 'ो'. इथे क्रम पक्का हवा. 'गे' हा जुन्या फाइलीत अर्धा ग, काना, मात्रा असा आहे. आधी काना आणि मात्रा जोडले तर 'ग्' आणि 'ो' तयार होणार आणि सगळे 'गे' वाया जाणार. आधी पाय-आणि-काना काढला तर 'गे' नीट, आणि 'गो'मध्ये दुसरा काना उरतो म्हणून तोही नीट. नियमांची यादी क्रमवार ठेवली आहे आणि प्रत्येक नियमाशेजारी तो का तिथे आहे ते मराठीत लिहिलं आहे. कोडमधल्या टिपा मराठीत लिहिल्या की पुढे हाताळणाऱ्याचा वेळ वाचतो. या कामाला मराठी येणाराच माणूस लागणार आहे.

हे नियम आधी कीबोर्ड मॅक्रोने करून बघितले होते. एफ३ दाबून मॅक्रो सुरू, शोध, खोडणं, लिहिणं, एफ४ ला बंद. मग एफ४ दाबत एकेक जागा डोळ्यांसमोर बदलताना बघितली. वीसेक जागा बघितल्या की नियमातले अपवाद लक्षात येतात. त्यानंतर तेच लिस्पमध्ये उतरवलं: शोध म्हणजे री-सर्च-फॉरवर्ड, बदल म्हणजे रिप्लेस-मॅच. हाताने जे केलं त्याचीच नावं. ईमॅक्सची सुरवातच १९७६ मध्ये एमआयटीच्या एआय लॅबमध्ये टेको नावाच्या एडिटरवरच्या मॅक्रोंचा संच म्हणून झाली. रिचर्ड स्टॉलमनने १९८५ मध्ये जीएनयू ईमॅक्स वाटायला सुरवात केली तेव्हा मॅक्रोंच्या जागी पूर्ण लिस्प आली. पण एडिटरमध्ये दाबलेली प्रत्येक कळ म्हणजे नाव असलेलं एक फंक्शन, ते नाव घेऊन हाताचं काम प्रोग्राममध्ये न्यावं, ही वाट आजही तीच आहे. कुठलीही कळ काय करते हे कंट्रोल-एच के देऊन विचारायचं, नाव मिळालं की ते कोडमध्ये लिहायचं. नवशिक्याला मी सगळ्यात आधी हेच दाखवतो.

२१ जून

यादी वाचनीय झाली. आता प्रकाशकांची नावं. एकाच प्रकाशनाचं नाव पाचसात तऱ्हांनी लिहिलेलं आहे: 'प्रकाशन', 'प्रका.', 'प्र.', मध्ये एक जागा, मध्ये दोन जागा.

इथे शेलच हवं. प्रकाशकांचा रकाना आयताकृती निवडून नव्या बफरमध्ये घेतला, सगळा निवडला, मेटा (म्हणजे ऑल्ट कळ) आणि उभी रेघ दाबून कमांड दिली: सॉर्ट, पुढे युनिक मोजणीसह, पुढे पुन्हा सॉर्ट आकड्यांवर उलटा. उत्तर वेगळ्या बफरमध्ये. मधे कंट्रोल-यू दिलं असतं तर निवडलेल्या मजकुराच्या जागीच उत्तर आलं असतं. फिल्टर मनासारखा नाही निघाला तर अनडू.

टर्मिनलमध्ये पाइप (एका कमांडचं उत्तर पुढचीला देणारी साखळी) लिहिताना मी एकेक तुकडा जोडत जातो आणि दर वेळी शेवटचं उत्तर बघतो. मधल्या टप्प्यावर मजकूर कसा दिसतो हे बघायला तुकडे तोडावे लागतात. बफरमध्ये प्रत्येक टप्पा समोर उभा असतो. एका टप्प्यावर सॉर्ट चालवावा, पुढच्यावर हाताने दोन ओळी खोडाव्यात, मग पुन्हा ऑकला (रकान्यांवर काम करणारी कमांड) द्यावं. हाताचा टप्पा आणि कमांडचा टप्पा शेजारी शेजारी बसतात. ज्याचं काम अर्धं यंत्राने आणि अर्धं समजुतीने करायचं असतं त्याच्यासाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही.

ऑफिसातला मित्र विम हा दुसरा एडिटर वापरतो. त्याने उद्गारचिन्हाने हाच फिल्टर दाखवला, आणि तो तितकाच झटपट चालतो. ब्रॅम मूलेनारने १९९१ मध्ये विम बाहेर काढला, त्याच्याही आधी बिल जॉयच्या व्हीआयमध्ये ही सोय होती. ज्याचा हात ज्याच्यावर बसला आहे त्याने त्यात करावं. माझ्या या कामाला लिस्प आणि ऑर्गचा तक्ता एकत्र हवे होते, म्हणून ईमॅक्स.

मोजणीची यादी मिळाल्यावर ईमॅक्सची ऑकर ही कमांड. एखादं रूप शोधून सगळ्या ओळी एका बफरमध्ये आल्या, ई दाबलं, तिथेच दुरुस्त केलं, मूळ बफरमध्ये बदल आपोआप उमटले. आता प्रकाशकांची यादी बऱ्यापैकी स्वच्छ आहे.

२२ जून

किमती. रकान्यात '१२५.००', '१२५/-', 'रु. १२५' असं सगळं. ऑकला बेरीज करायला दिली तर शून्य आलं, कारण ऑक देवनागरी आकड्यांना आकडे मानत नाही. टीआर (एका अक्षराच्या जागी दुसरं घालणारी कमांड) वापरून बदलता येत नाही: माझ्या मशीनवरचा टीआर बाइट धरून चालतो, आणि यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचा प्रत्येक आकडा तीन बाइटांचा. सेडची वाय कमांड मात्र यूटीएफ-८ लोकेलमध्ये (मशीनच्या भाषा-सेटिंगमध्ये) अक्षरं धरून चालते, तिने काम झालं. बेरजेपुरते आकडे इंग्रजी, छापायच्या यादीत देवनागरीच.

देवनागरीवर कमांड लाइन चालवताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: ही कमांड बाइट मोजते की अक्षरं? 'वाचनालय' हा शब्द डब्ल्यूसी या मोजणीच्या कमांडला दिला. सी या पर्यायाला २१ आणि एम या पर्यायाला ७ असं उत्तर आलं (शेवटी ओळ न मोडता). वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्यात वा, च, ना, ल, य अशी पाच अक्षरं दिसतात. तीन उत्तरं, तिन्ही आपापल्या जागी बरोबर. ईमॅक्समध्ये कर्सर कान्यासकट अख्खं अक्षर ओलांडतो, आणि बॅकस्पेस मात्र एकेक खूण खोडतं. वेलांटी चुकली तर तेवढीच काढता येते. मराठी टाइप करणाऱ्याला अगदी हवं तसं.

ही सोय आपोआप आलेली नाही. जपानमध्ये केनिची हांदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईमॅक्समध्ये अनेक लिप्या आणण्याचं काम केलं, ते १९९७ च्या ईमॅक्स २० मध्ये मूळ धाग्यात विणलं गेलं. २००९ च्या आवृत्ती २३ पासून आतली साठवण युनिकोडवर आली, २०२० च्या आवृत्ती २७ पासून अक्षरं जुळवायला हार्फबझ आलं. जोडाक्षरं आज स्वच्छ दिसतात त्यामागे या माणसांची कित्येक वर्षांची मेहनत आहे. तिचा मान ठेवून इथे लिहून ठेवतो.

२८ जून

'दुसऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्या' यांतला आडवा अर्धा र. ग्रंथपालबाईंनी गेल्या काही वर्षांत युनिकोडमध्ये टाइप केलेली पुरवणी यादी दिली आहे, तीत हा र तीन प्रकारांनी सापडला: ऱ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून, साधा र, खाली नुक्ता (टिंब), मग पाय मोडून, आणि साधा र, पाय मोडलेला, मागे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. शोधायला गेलं की एक सापडतो आणि दोन निसटतात.

हाउ-मेनी देऊन तिन्हींची मोजणी केली. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या प्रमाणीकरणात एक होतात: यूसीएस-नॉर्मलाइझ-एनएफसी-रीजन चालवलं की र आणि नुक्ता मिळून ऱ होतो. तिसऱ्यासाठी वेगळा नियम लिहावा लागला. तो फक्त पुढे य किंवा ह असेल तेव्हाच चालतो. जोडचिन्ह इतर ठिकाणी कुणी मुद्दाम घातलेलं असू शकतं. आता 'दुसऱ्या' शोधलं की सगळे 'दुसऱ्या' मिळतात. वाचक खिडकीशी येऊन नाव सांगतो आणि पुस्तक असूनही 'नाही' म्हणावं लागतं, ते यातून टळणार आहे. मला या सगळ्या कामात सगळ्यात मोलाची वाटते ती ही दुरुस्ती.

५ जुलै

वर्णानुक्रम. सॉर्टला सी लोकेल दिलं तर यादी युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे लागते. त्या क्रमात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आणि क्ष क मध्ये, ज्ञ ज मध्ये. बाईंना शाळेत शिकलो तसाच क्रम हवा: ह, ळ, क्ष, ज्ञ. "अहो, आमचे वाचक ज्ञ शोधायला शेवटचं पान उघडतात," त्या म्हणाल्या. त्यांचा जुना हस्तलिखित सूचीचा क्रमही तसाच आहे. कोश करणारे क्ष क मध्येही घालतात, पण यादी वाचनालयाची आहे, तिथला क्रम तिथले लोक ठरवतील.

ळ ला नुसता कुठलातरी मोठा क्रमांक देऊन भागत नाही. युनिकोडमध्ये मराठीची सगळी व्यंजनं सगळ्या काना-मात्रांच्या आधी येतात, म्हणून 'कळ' हा 'काळ'च्या आधी लागतो, आणि ते बरोबर आहे. ळ ला पार शेवटी ढकललं तर 'कळ' उडी मारून 'कोण'च्याही पुढे जाऊन बसेल. म्हणून अख्खा क्रमच लिहून काढला: अनुस्वार आणि विसर्ग, मग स्वर, मग क पासून ह पर्यंत व्यंजनं, मग ळ, क्ष, ज्ञ, मग काना-मात्रा, शेवटी पाय मोडल्याची खूण. प्रत्येक आडनावाचे तुकडे करायचे, क्ष आणि ज्ञ एकेक तुकडा धरायचे, प्रत्येक तुकड्याला या यादीतला क्रमांक द्यायचा, आणि आकड्यांच्या माळा तुलना करायच्या. लिस्पच्या सॉर्टला तुलनेचं फंक्शन हवं असतं, तिथे हे दिलं. फंक्शन पानभरही नाही.

बाईंनी पहिली चाचणी पानं तपासली. ठाकूर, ढवळे, ढेरे, हे आपापल्या जागी. दोन ठिकाणी आडनावाआधी रिकामी जागा होती म्हणून ती नावं सर्वांत वर आली. तुलनेपूर्वी कडेच्या जागा छाटायचा नियम घातला.

१२ जुलै

आज सगळं एडिटरबाहेर आणलं. ईमॅक्स '--बॅच' देऊन खिडकीशिवाय चालतो: '-एल' पुढे लिस्पची फाइल, '-एफ' पुढे फंक्शनचं नाव. ज्या फाइली बदलायच्या त्यांची नावं मागे लिहायची, आतमध्ये ती कमांड-लाइन-आर्ग्ज-लेफ्ट या चलात मिळतात. '-क्यू' हे मोठ्या लिपीतलं देतो, म्हणजे माझ्या मशीनवरची कुठलीही खाजगी सेटिंग मध्ये येत नाही आणि वाचनालयाच्या मशीनवरही तेच उत्तर येतं.

एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी: बॅचमध्ये मेसेजने लिहिलेलं चुकांच्या वाटेने बाहेर पडतं, प्रिन्सीने लिहिलेलं नेहमीच्या वाटेने. म्हणून यादी प्रिन्सीने, सूचना मेसेजने. असं केलं की स्क्रिप्ट पाइपमध्ये बसते, यादी पुढच्या कमांडला जाते आणि सूचना पडद्यावर दिसत राहतात. काही नापास झालं तर किल-ईमॅक्सला १ देऊन बाहेर पडायचं, म्हणजे मेक (ठरलेल्या कमांडी क्रमाने चालवणारं साधन) तिथेच थांबतं.

तपासणीची स्क्रिप्ट वेगळी लिहिली. ती प्रत्येक ओळ बघते: खाजगी खूण उरली आहे का, शब्दाच्या सुरवातीला वेलांटी आहे का, दोन काने सलग आहेत का, दाखल क्रमांक दोनदा आला आहे का, किमतीत आकड्यांशिवाय काही आहे का. चूक सापडली की फाइलचं नाव, अपूर्णविराम, ओळ क्रमांक, अपूर्णविराम, काय बिघडलं ते. मुद्दाम असं, कारण सी भाषेचे कंपायलर याच धाटणीने चुका सांगतात आणि ईमॅक्सच्या कंपाइल बफरला ती धाटणी ओळखू येते. मेटा-एक्स कंपाइलने मेक चालवलं, मेटा-जी एन दाबलं की पहिल्या चुकीच्या ओळीवर कर्सर. दुरुस्त केली, पुन्हा मेटा-जी एन, पुढची. पुस्तकांच्या यादीतल्या चुकांवरून असं फिरता येतं तेव्हा काम फार भराभर होतं.

१३ जुलै

रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) यादी नव्याने तयार व्हावी असं लावलं. क्रॉनला टर्मिनलसारखं लोकेल मिळत नाही, त्यामुळे देवनागरीच्या भरवशावर काही सोडायचं नाही. स्क्रिप्टच्या सुरवातीलाच वाचण्याचं आणि लिहिण्याचं एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे हे स्पष्ट लिहिलं, आणि क्रॉनच्या ओळीतही लोकेल दिलं.

१९ जुलै

यादी ज्या सर्व्हरवर ठेवायची तिथली फाइल ट्रॅम्पने (दूरच्या मशीनवरच्या फाइली उघडायची ईमॅक्सची सोय) उघडतो: फाइलच्या नावाआधी एसएसएच आणि मशीनचं नाव, बाकी सगळं घरच्या फाइलीसारखं. डायर्डमध्ये डावीकडे घरचं फोल्डर, उजवीकडे सर्व्हरचं, सी दाबून प्रत. ईशेलमध्ये (ईमॅक्समधल्या शेलमध्ये) सर्व्हरच्या फोल्डरात गेलं की तिथे दिलेल्या कमांडही तिकडेच चालतात. मोठ्या आणि लांब चालणाऱ्या कामाला मी साधं टर्मिनलच घेतो, ईशेल छोट्या कामाला.

बॅशमध्ये लांब कमांड लिहिताना कंट्रोल-एक्स कंट्रोल-ई दाबावं. चालू ओळ एडिटरमध्ये उघडते, जतन करून बंद केली की चालते. एडिटर म्हणून ईमॅक्सक्लायंट लावून ठेवला आहे, त्यामुळे आधीच उघड्या असलेल्या ईमॅक्समध्ये ती ओळ येते. बॅशच्या ओळीवर कंट्रोल-ए, कंट्रोल-ई, कंट्रोल-के चालतात ते मुळात ईमॅक्सचेच संकेत, हात बदलावा लागत नाही.

२ ऑगस्ट

ग्रंथपालबाईंबरोबर बसून उरलेल्या ओळी बघितल्या. यंत्राला न सुटणाऱ्या: एकाच दाखल क्रमांकावर दोन पुस्तकं, लेखकाच्या जागी अनुवादकाचं नाव, टोपणनावाखाली एक प्रत आणि खऱ्या नावाखाली दुसरी. बाई रजिस्टरातली नोंद वाचत होत्या, मी ओळ बदलत होतो. त्यांना कित्येक पुस्तकं कपाटासकट आठवतात. "ते बाद केलंय, वाळवी लागली होती," असं त्या सहज सांगतात, आणि रजिस्टरात पान उघडलं की तसाच शेरा. टोपणनावांसाठी ऑर्गमध्ये दुसरा तक्ता केला. छापील यादीत दोन्ही नावांखाली पुस्तक दिसेल, संख्या मात्र एकदाच मोजली जाईल.

विभागवार बेरीज मेकच्या एका कमांडीवर येते. मार्चअखेरची ग्रंथसंख्या आणि रजिस्टरातला शेवटचा आकडा ताडून बघितला. बाद केलेली पुस्तकं वजा जाता जुळतो.

९ ऑगस्ट

छापील यादीची पहिली प्रत देवघेवीच्या टेबलावर गेली. यादी, तक्ते, स्क्रिप्ट आणि ही नोंदवही सगळं एका गिट फोल्डरात आहे. ऑर्ग फाइलमधले कोडचे तुकडे कंट्रोल-सी कंट्रोल-व्ही टी देऊन वेगळ्या फाइलींत उतरतात, त्यामुळे समजावून सांगितलेलं आणि चालणारं यांत फरक पडत नाही.

शेजारच्या गावच्या वाचनालयानेही त्यांची यादी पाठवली आहे. फॉण्ट दुसरा आहे, म्हणजे आकारांचा तक्ता नवा करावा लागेल. पहिली फाइल उघडून मोजदादीचं फंक्शन चालवलं: काना इथेही वर, पण रफार आणि दुसरी वेलांटी मिळून एकच चिन्ह आहे. तक्त्यात त्या चिन्हापुढे वेलांटी आणि रफाराची खूण अशी दोन्ही लिहिली, आणि 'गर्दी'पासून तपासायला सुरवात केली आहे.